नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी

गणपती जवळ आले की कळव्यातील कितीतरी घरांना कुलपे लागतात. सारी मंडळी कोकणाच्या वाटेला लागतात. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या दादाला मात्र जाता आले नाही. जूनमध्ये त्याला एका खाजगी कचेरीत नोकरी लागली होती. चतुर्थीच्या आठ दिवस आधी त्याने पाच दिवसांची रजा मागितली, तेव्हा ‘तुमच्या खाती दोनच दिवस शिल्लक आहेत,’ असे उत्तर मिळाले. यात नियमबाह्य असे काहीच नव्हते. चूक झाली ती जूनमध्ये. रजेचा विषय त्याने काढलाच नव्हता.

कायदा काय देतो ते पाहू. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे (२०१७) कर्मचाऱ्याला वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते, पण ती दर तिमाहीस थोडी थोडी जमा होते. अर्जित रजा दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस. परंतु आधीच्या वर्षी २४० दिवस काम झालेले असले, तरच ती पुढील वर्षी मिळते. म्हणजे नव्या माणसाचा पहिला गणपती कोरडाच! मात्र हे आकडे किमान आहेत. यापेक्षा अधिक देण्यास मालकाला कोणी अडवलेले नाही.

मग मागावे केव्हा? निवड झाल्यावर आणि सही करण्यापूर्वी. तेव्हा त्यांनाही आपण हवे असतो. ‘जास्त रजा द्या’ असे मोघम न म्हणता तारखा सांगाव्यात. पगारी रजा नसेल तर बिनपगारी चालेल, किंवा बदली म्हणून दिवाळीत कामावर येईन, असा पर्याय ठेवावा. कबूल झालेली गोष्ट नेमणूकपत्रात लिहून घ्यावी. तोंडी शब्द देणारा साहेब उद्या बदलून जातो. सरकारी नोकरीत नियम सर्वांना सारखेच असल्याने तेथे अशी घासाघीस चालत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारे आपणच पहिले. ‘नोकरी मिळाली हेच पुष्कळ, वर रजा कसली मागतोस?’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यामागची भीती खरी आहे. मीही ती जाणतो. पण नम्रपणे विचारणे म्हणजे उर्मटपणा नव्हे. फार तर नकार मिळेल, आणि मग काय आहे ते जाणून आपण सही करू.

आज आपण रविवारची सुट्टी गृहीत धरतो. तीही कोणी आपण होऊन दिलेली नाही. १८४८ साली आपल्या ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून ती मागितली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्यांच्यामागे हजारो कामगार होते. नेमणूकपत्रासमोर आपण एकटे असतो, हा फरक खराच. म्हणूनच आधी माहिती असावी, आणि मग तोंड उघडावे.