तांब्याच्या सेंटची वंशावळ

सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात १७९५ सालचा तांब्याचा एक सेंट १२ लाख ६५ हजार डॉलरना गेला. नाणे चांगलेच झिजलेले होते. प्रतवारीच्या ७० गुणांच्या मापात त्याला १० गुण होते. जानेवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात १७९३ चा एक सेंट १३ लाख ८० हजार डॉलरना विकला गेला. त्याला ६५ गुण होते. म्हणजे गुणांत साडेसहापट अंतर आणि किमतीत जेमतेम नऊ टक्क्यांचे.

या कोड्याचे उत्तर दुर्मिळतेत आहे. १७९५ च्या सेंटची कड एरवी सपाट किंवा अक्षरांची असते. या नाण्याची कड दातेरी होती. अशी नाणी दहासुद्धा सापडलेली नाहीत आणि त्यांत हेच सर्वांत चांगले मानले जाते. १० गुण इथे कमी नाहीत, ते अव्वल आहेत. म्हणूनच या क्षेत्रातले जाणकार नाण्याचे गुण विचारून थांबत नाहीत. त्या प्रकारच्या ज्ञात नाण्यांत ते कितवे, हेही विचारतात. प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या सहा नाण्यांची यादी ते अद्ययावत ठेवतात.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९३ मध्ये मोठ्या आकाराचे सेंट पाडायला सुरुवात केली. पहिल्या सेंटच्या पाठीवर पंधरा कड्यांची साखळी होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या नाण्यावर साखळी कशाला, अशी टीका झाली आणि ३६,१०३ नाणी पाडून तो नमुना बदलला. पोलादी साचे हाताने कोरलेले असत, ते तडकत, झिजत आणि पुन्हा नवे कोरले जात. त्यामुळे एकाच वर्षाच्या सेंटचे अनेक प्रकार झाले. १८६९ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर एडवर्ड मॅरिस यांनी फक्त १७९४ च्या सेंटचे प्रकार वेगळे काढले आणि त्यांना ‘व्हीनस मरीना’, ‘कोकेट’ अशी नावे दिली. त्याआधी, १८५७ मध्ये, मोठा सेंट बंद झाला होता, आणि हातातून निसटणारी वस्तू जपण्याची लाट अमेरिकेत आली.

प्रतवारीचे माप दिले ते विल्यम शेल्डन यांनी. ते मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीचे तीन प्रकार मांडणारे शेल्डन ते हेच. १९४९ च्या त्यांच्या पुस्तकात १७९३ ते १८१४ या काळातल्या सेंटच्या प्रत्येक प्रकाराला क्रमांक मिळाला आणि प्रत्येक नाण्याला १ ते ७० गुण. हिशेब सोपा होता. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची जी किंमत, तिला गुणांनी गुणले की बाजारभाव. उत्तम नाण्यांच्या किमती भराभर चढल्या आणि हे गणित काही वर्षांतच कोलमडले. मापाचे आकडे मात्र टिकले. आज जगभरची नाणी, सोन्याचीसुद्धा, याच ७० च्या मापावर तोलली जातात.

तांब्याची प्रतवारी सोन्याचांदीपेक्षा अवघड असते. टांकसाळीतून निघताना तांबे लालभडक असते. मग हवा, घाम आणि ओल त्याला तपकिरी करतात. जमिनीत राहिले तर हिरवा गंज चढतो, पृष्ठभाग खडबडीत होतो. लाली परत आणायला कोणी रसायनात बुडवते, तर उडालेला रंग कोणी पुन्हा चढवते. म्हणून १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ या क्लबच्या सभासदांची पद्धत वेगळी आहे. ते आधी नक्षी किती शिल्लक आहे ते पाहतात, मग गंज, ओरखडे, धक्के यांचे गुण वजा करतात. नक्षीला ३० मिळालेले नाणे शेवटी १२ वर येऊ शकते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नाण्याला गुण देऊन ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांचा आकडा क्लबच्या आकड्यापेक्षा बहुधा चढा असतो. दोन्ही आकडे अभ्यासूंचेच, पण एक नाण्याच्या दोषांचा हिशेब मांडतो आणि दुसरा बाजार त्याला किती स्वीकारेल याचा. काही लिलावघरे दोन्ही आकडे छापतात ते त्यामुळेच.

आकडा आज नाणे कसे आहे ते सांगतो. ते असे का आहे, हे वंशावळीतून, म्हणजे ते कोणाकोणाच्या हातून आले याच्या नोंदीतून कळते. १७९६ आणि १७९७ चे लाली राखलेले काही सेंट आढळतात. सव्वादोनशे वर्षे तांबे असे कसे राहिले, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या निकोल्स कुटुंबाकडच्या साठ्यात आहे. सुमारे हजार कोरे सेंट तिथे पडून राहिले होते आणि १८६३ पर्यंत संग्राहकांत वाटले गेले. १८१६ ते १८२० च्या लाल सेंटबद्दलही असाच साठा सांगितला जातो. यादवी युद्धानंतर जॉर्जियात रेल्वेच्या फलाटाखालच्या पिंपात तो मिळाला. ज्या वर्षाचा साठा नाही, त्या वर्षाचे नाणे लालबुंद दिसले की जाणकार आधी भिंग काढतात.

वंशावळ बनावट नाण्यांवरही पहारा देते. गेल्या काही वर्षांत क्लबच्या सभासदांनी वेगवेगळ्या ठिकाणी विकल्या गेलेल्या १७९८ च्या सेंटची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली. त्यांवर तेच ओरखडे आणि तोच खळगा त्याच जागी होते. वापरात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर एकसारखा असू शकत नाही. कोणीतरी एका खऱ्या, खराब नाण्यावरून साचा करून नवी नाणी पाडली होती, आणि त्यांतली काही सीलबंद डब्यांतही पोहोचली होती. उलट, शंभर वर्षांपूर्वीच्या लिलावसूचीत ज्या नाण्याचे छायाचित्र आहे, त्याच्यावर हा संशय येतच नाही. शिवाय तेव्हा ते कसे होते आणि पुढे कोणी घासले का, हेही ते छायाचित्र सांगते.

पण वंशावळीत नाव मोठे म्हणून ती निष्कलंक ठरत नाही. त्याचा पुरावा खुद्द शेल्डन यांनीच ठेवला. पिट्सबर्गचे उद्योजक जॉर्ज क्लॅप यांनी आपला सेंटचा संग्रह न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दिला. अभ्यासासाठी तिथे मोकळी ये-जा असलेल्या शेल्डन यांनी त्यातली शंभराहून अधिक उत्तम नाणी उचलली आणि त्याच प्रकारची हलकी नाणी जागेवर ठेवली. संख्या जुळत होती, प्रकार जुळत होते, म्हणून कित्येक वर्षे कोणाला शंका आली नाही. १९७७ मध्ये ते वारले. पुढे जुनी छायाचित्रे आणि नोंदी ताडून पाहिल्यावर अदलाबदल उघड झाली. शेल्डन यांचा संग्रह प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या संग्राहकाचा दावा कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयात गेला. नाणी नाहीशी झाल्यापासून नव्हे, तर ती कोणाकडे आहेत हे मूळ मालकाला कळल्यापासून दाव्याची मुदत मोजायची, असे न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले. सोसायटीला पुढे बरीच नाणी परत मिळाली. ‘पूर्वी शेल्डन संग्रहात’ ही ओळ आजही भाव वाढवते. मात्र शहाणा गिऱ्हाईक आधी ते नाणे सोसायटीच्या जुन्या छायाचित्रांशी पडताळतो.

या तांब्याचा मुंबईशीही धागा आहे. मॅथ्यू बोल्टन यांच्या बर्मिंगहॅममधल्या सोहो कारखान्याने फिलाडेल्फियाला सेंटसाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्या पुरवल्या. त्याच कारखान्याने १७९१ आणि १७९४ ही वर्षे असलेले तराजूचे पैसे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यासाठी पाडले. ते यंत्रावर पडले, एकसारखे आहेत, त्यांची प्रतवारी सोपी. शिवराई या आपल्या तांब्याच्या नाण्याचे तसे नाही. ती हातोड्याने, अनेक टांकसाळींत, दीडशे वर्षांहून अधिक काळ पाडली गेली. अक्षरे अर्धी चकतीबाहेर राहणे हा तिथे दोष नव्हे, ती रीत होती. तिला अमेरिकन गुण जसेच्या तसे लावून चालणार नाही. वंशावळीची गरज मात्र तिला अधिक आहे, कारण खरी कोणती, मागाहून पाडलेली कोणती आणि काल ओतलेली कोणती, हे ठरवताना सापडल्या जागेची नोंद मोलाची असते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. तो न कळवता मोडीच्या दुकानात फुटला की नाणी उरतात, पण ती कुठली, कोणाबरोबरची, कोणत्या काळची, हे कायमचे जाते.

म्हणून संग्राहकाने पैसा आकड्यावर खर्च करावा, पण मेहनत नोंदीवर घ्यावी. नाणे घेतले त्या दिवशीच वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे, विकणाऱ्याची पावती आणि मागच्या मालकाचे नाव एका वहीत एकत्र ठेवावे. गुण उद्या दुसरा जाणकार बदलून देईल. वंशावळीतला तुटलेला दुवा कोणालाही नव्याने घडवता येत नाही, आणि घडवला तर ती फसवणूक असते.