आजोबांची फियाट शेडमध्ये पडून आहे? आतलं काम घरच्या घरी असं करा, आणि जुनं काही फेकू नका

नांदेड, लातूरकडच्या जुन्या घरांत आजही पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एखादी फियाट नाहीतर अॅम्बेसेडर उभी दिसते. बाहेरून गाडी ठीकठाक वाटते. दार उघडलं की खरी अवस्था कळते. सीटचं रेग्झिन फाटलंय, आतला काथ्या बाहेर आलाय, डोअर पॅड फुगलंय आणि छताचं कापड डोक्यावर लोंबतंय.

मग घरातली पोरं मनावर घेतात. गाडी कुशनवाल्याकडं जाते आणि चार दिवसांत चकचकीत होऊन परत येते. जुनं सगळं भंगारात.

इथंच घोळ होतो. इंजिनाचे पार्ट शोधले तर कुठंतरी सापडतात. पण गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं रेग्झिन, त्याची शिलाई, दाराचं हँडल, डॅशबोर्डची पट्टी हे एकदा गेलं की गेलं. जुन्या गाडीची किंमत करणारा माणूस नेमकं हेच बघतो.

ही गाडी एवढी खास का?

आपल्याकडं जिला सगळे फियाट म्हणतात, ती बनायची मुंबईत, कुर्ल्याला. कंपनी होती प्रीमियर ऑटोमोबाईल्स. १९४४ मध्ये ती सुरू केली वालचंद हिराचंद यांनी, जे मूळचे सोलापूरचे. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाईट आली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे.

२००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत ती टॅक्सी म्हणूनही दिसत नाही. म्हणजे आता ज्या काही पद्मिनी उरल्यात, त्यातल्या बऱ्याच अशाच घराघरांत आहेत.

आतून गाडी खराब का होते?

रेग्झिन म्हणजे कापडावर दिलेला पीव्हीसीचा थर. हा थर मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखं एक रसायन मिसळलेलं असतं. उन्हात ते हळूहळू उडून जातं. बंद गाडीच्या काचेला आतून जो चिकट धुरकटपणा येतो, त्यात हे रसायनही असतं. ते कमी झालं की रेग्झिन कडक होतं आणि बसल्यावर तडकतं.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड तर ६० अंशांच्याही पुढं तापतो. म्हणून गाडी चालवून जेवढी झिजत नाही, तेवढी ती उन्हात उभी राहून झिजते.

डोअर पॅडचं दुखणं वेगळं. काचेच्या कडेची रबरी पट्टी खराब झाली की पावसाचं पाणी दारात उतरतं. दाराच्या तळाशी ते बाहेर जायला छोटी भोकं असतात. ती मातीनं बुजली की पाणी आत साचतं, पॅडमागचा हार्डबोर्ड फुगतो आणि पत्राही गंजतो.

सुरुवात कशी करायची?

आधी बॅटरीची वायर काढा आणि तोंडाला मास्क लावा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत उंदरांची घरटी हमखास निघतात. मग काहीही खोलण्याआधी मोबाईलवर प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा. निघालेला प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवा आणि वर नाव लिहा. महिनाभरानं परत बसवताना हे फोटो आणि पुड्याच कामाला येतात.

त्यानंतर सफाई. कोमट पाण्यात थोडा साधा लिक्विड सोप, मऊ ब्रश आणि घट्ट पिळलेलं सुती कापड, एवढं पुरतं. पाणी शिवणीतून आत गेलं तर काथ्या कुजतो, त्यामुळं गाडी आतून धुवायची नाही, पुसायची. अर्ध्या बादलीत काम होतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे वेगळं सांगायला नको.

पेट्रोल आणि थिनर मात्र लांब ठेवा. डाग जातो, पण त्यासोबत रंग आणि उरलासुरला मऊपणाही जातो. चकाकी आणणारे सिलिकॉनचे स्प्रेही टाळा. उडून गेलेलं रसायन ते परत आणत नाहीत. उलट नंतर त्या जागी रंग किंवा गोंद धरत नाही.

घरी काय काय करता येतं?

उसवलेली शिवण : रेग्झिन शाबूत असेल आणि फक्त दोरा कुजला असेल, तर जुन्याच भोकांतून वाकड्या सुईनं पुन्हा शिवता येतं. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती दोरा उन्हानं लवकर कुजतो.

छोटी चीर : चिरेच्या आतून जाड कापडाचा तुकडा सरकवा, वाळल्यावरही लवचिक राहणारा गोंद लावा आणि वर वजन ठेवून रात्रभर सोडा. गोंदाचा वास उग्र असतो, त्यामुळं चारही दारं उघडी ठेवा आणि जवळपास बिडी-काडी नको.

डोअर पॅड : काचेचं हँडल पिन किंवा क्लिपनं अडकवलेलं असतं, ते आधी काढा. मग पॅडच्या कडेला जिथं क्लिप आहे, तिथंच चपटी पट्टी घालून हळू उचला. मधूनच ओढलं तर बोर्ड फाटतो. फुगलेला बोर्ड नव्या हार्डबोर्डवर ठेवून पेन्सिलनं आखा, कापा आणि कडांना वॉर्निश द्या. जुनं रेग्झिन चांगलं असेल तर तेच परत चढवा. बसवण्याआधी दाराच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करा आणि दार व पॅडच्या मध्ये प्लास्टिकचा कागद लावा. हे राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात नवा बोर्डही फुगणार.

स्टेअरिंगच्या भेगा : भेग कोरून साफ करा, एम-सील भरा, एक दिवस वाळू द्या, पॉलिश पेपरनं घासा आणि मग रंग द्या.

कारागिराकडं काय द्यायचं?

छत आणि स्प्रिंगचं सीट. जुन्या गाड्यांचं छताचं कापड आडव्या तारांवर ताणलेलं असतं. प्रत्येक तारेचा बाक वेगळा असतो, क्रम चुकला की कापडाला सुरकुत्या पडतात. सीटमध्ये स्प्रिंगवर तरट, त्यावर काथ्या आणि मग रेग्झिन अशी रचना असते. सीट बसलं म्हणजे प्रत्येक वेळी वरचं रेग्झिनच गेलं असं नाही. अनेकदा आतलं तरट बदललं तरी काम होतं.

कारागिराला सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायची, 'जुनं कापड परत पाहिजे.' ते फाटलेलं असलं तरी नव्या कापडाचं माप, शिलाई आणि रंग त्यावरूनच जुळतो.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी २० हजार रुपये आणि नोंदणी १० वर्षांसाठी. मात्र ही गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्यानं चालवता येत नाही. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. सीट आणि डोअर पॅडचं नाव या यादीत नाही, पण 'मूळ रूप' म्हटल्यावर दार उघडून बघणाऱ्याची पहिली नजर तिथंच जाते.

सत्तरच्या दशकात घेतलेल्या फियाट आता एकेक करून पन्नाशी गाठतायत. त्यामुळं यंदा शेड उघडलीच, तर काढलेला प्रत्येक तुकडा भंगारवाल्याच्या गाड्यावर न टाकता एका पोत्यात भरून माळ्यावर ठेवा. पुढं कधी कुणाला ही गाडी होती तशी करायची झाली, तर तेच पोतं आधी खाली काढावं लागेल.