फिलिपिन्सच्या हस्तकला – ४ : गाठीगाठीने लांबणारा धागा

गेल्या आठवड्यात आपण अननसाच्या पानांतून निघणारं पिन्या कापड पाहिलं. आज त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, मिंदानाव बेटावर जायचं आहे. तिथे दक्षिण कोताबातो प्रांतात सेबू सरोवराच्या परिसरात त'बोली जमातीची वस्ती आहे. त्यांच्या बायका अबाकाच्या तंतूंपासून विणतात ते त'नालाक.

अबाका ही केळीच्याच कुळातली. नुसती बाग पाहून तर जळगावचा केळी उत्पादकही क्षणभर फसेल. पण हिच्या फळात नुसत्या बिया. कोणी खात नाही. हिचं मोल सोपटात. जहाजांचा तो प्रसिद्ध मनिला दोर याच सोपटांचा, कारण खाऱ्या पाण्यात तो सहजी कुजत नाही. फिलिपिन्सच्या नोटांच्या कागदातही २० टक्के अबाका आणि ८० टक्के कापूस असे. २०२२ साली हजार पेसोची प्लास्टिकची नोट निघाली, तेव्हा अबाका पिकवणाऱ्यांनी जोरदार हरकत घेतली होती.

त'नालाकबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवात स्वप्नाने होते. नक्षी विणकरणीला स्वप्नात दिसते, अबाकाची देवता फू दालू ती तिला दाखवते, अशी त'बोलींची श्रद्धा आहे आणि ती मनापासूनची आहे. मात्र 'स्वप्न विणणाऱ्या बायका' एवढंच पर्यटकांच्या कानावर घालत राहिलं की त्या बायकांच्या बोटांकडे कोणाचं लक्षच जात नाही. मला ते खटकतं. स्वप्नात दिसलेली नक्षी कापडावर उतरेपर्यंत महिनोन् महिने जातात, आणि त्यातला मोठा भाग माग लावण्याआधीचाच असतो.

सोपटाची पट्टी लाकडी ठोकळा आणि सुरी यांच्या फटीतून जोर लावून ओढली की गर मागे राहतो आणि ओले, चकचकीत तंतू हाती येतात. ते वाळवायचे, विंचरायचे, जाडीप्रमाणे निवडायचे. कापसासारखं सूत इथे काततच नाहीत. सोपट जेवढं लांब, तेवढाच तंतू. मग बाई जमिनीवर बसून एका तंतूचं टोक दुसऱ्याला बांधते. गाठ इतकी बारीक की बोटांना जेमतेम लागावी. उरलेली टोकं लगेच छाटायची. एका कापडाच्या धाग्यात अशा हजारो गाठी असतात.

त्यानंतर ताणा बांबूच्या चौकटीवर पसरून जिथे रंग नको तिथे दोऱ्याने आवळून बांधतात. कागदावर नकाशा नाही, धाग्यावर खूण नाही; सगळा हिशेब डोक्यात. आधी क'नालुमच्या पानांचा काळा रंग, तोही पुन्हा पुन्हा उकळून. मग काही गाठी सोडून लोको नावाच्या मुळीचा लाल. उरलेल्या गाठी सोडल्या की तिथे अबाकाचा मूळचा फिकट रंग दिसतो. पाटणच्या पटोळ्यातही धागा असाच बांधून रंगवतात. तो विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, असं परंपरा सांगते. पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही बांधतात, त'नालाकमध्ये फक्त ताणा.

माग कमरेला बांधायचा. कापड किती ताणायचं ते विणकरणीच्या पाठीवर अवलंबून. भर उन्हात अबाका कोरडी पडते आणि धागा तुटतो, म्हणून विणायचं ते पहाटे किंवा उन्हं कलल्यावर. विणून झालं की कापड धुतात, लाकडी दांडक्याने ठोकून गाठी बसवतात आणि कवडीने घासून घासून चकाकी आणतात.

या कलेतलं सर्वांत मोठं नाव लांग दुलाय यांचं. बाराव्या वर्षी त्या आईकडून विणायला शिकल्या. सुमारे शंभर नक्ष्या त्यांना तोंडपाठ होत्या : ढग, फुलपाखरू, मगर, फुलं. १९९८ साली त्यांना 'गावाद सा मान्लिलिखा नांग बायान' हा लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. याच वर्षी तो बागोबो जमातीच्या सालिंता मोनोन यांनाही मिळाला, आणि त्याही अबाकाच्याच विणकर. लांग दुलाय २०१५ साली गेल्या, पण त्याआधी त्यांनी आपल्या गावातल्या मुलींना हे काम शिकवलं होतं.

त'बोलींच्या समजुतीप्रमाणे हे कापड कापू नये. कापलं तर आजारपण येतं. आज बाजाराला मात्र त्याच कापडाच्या पिशव्या आणि पाकिटं हवी आहेत, शिवाय लवकर हवी आहेत. म्हणून काही ठिकाणी पानामुळांच्या जागी रासायनिक रंग आले. विणकरणीच्या घरी पैसा यायलाच हवा, याबद्दल वाद नाही. पण सहा-सात टप्प्यांची मजुरी किमतीत धरलीच जात नसेल, तर गाठी मारायला पुढच्या पिढीतली मुलगी का बसेल? त्यात पर्णगुच्छाचा रोग अबाकालाही छळतो. आपल्या केळीत तो पसरवणारा मावाच तिथेही हा रोग पसरवतो आणि बागा खुरटतात.

पुढच्या आठवड्यात पानाय बेटावरच्या कापिझ प्रांताच्या नावाने ओळखला जाणारा अर्धपारदर्शक शिंपला पाहू. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांनाही काचेऐवजी हाच शिंपला बसवलेला असतो.