प्रवाहात उतरण्यापूर्वी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा असतात. पूर्वेकडे उतरलेले पाणी भीमा, कृष्णा अशा नद्यांतून दूरच्या बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडे उतरलेले पाणी कोकणातून वेगाने धावत अरबी समुद्र गाठते. मुळशीच्या धरणात साठणारे पाणी मूळचे पूर्वेकडे जाणारे. परंतु मनुष्याने त्याची वाट बदलली. डोंगरातील बोगद्यातून व मोठ्या नळांतून ते सुमारे ५०० मीटर खाली, रायगड जिल्ह्यातील भिरा या गावी आणले जाते. तेथे १९२७ साली सुरू झालेल्या वीजगृहाची चक्रे फिरवून ते कुंडलिका नदीच्या पात्रात शिरते. म्हणूनच हिवाळ्यात व उन्हाळ्यात कोकणातील इतर नद्या रोडावल्या असताही कुंडलिका जोमाने वाहताना दिसते. कोलाडजवळ तरुणांच्या तुकड्या होड्या घेऊन येतात, त्या या पाण्याच्या ओढीने.

या होड्यांपैकी एका प्रकारास कयाक म्हणतात. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात राहणारे इन्युइट लोक लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलची कातडी ताणून अशी होडी बनवीत आणि तिच्यात बसून शिकार करीत. आजची कयाक बहुधा प्लॅस्टिकची असते. पण घडण तीच. एका माणसापुरती बैठक, वरून बंद असलेला निमुळता देह आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. ती चपळ असते, तशीच क्षणात उलटणारीही असते. त्यामुळे तिच्यातून खळाळत्या पाण्यावर जाणे हा केवळ धाडसाचा खेळ नव्हे. तो विचाराचाही खेळ आहे. आणि त्यातील पुष्कळसा विचार पाण्यात नव्हे, काठावरच करावयाचा असतो.

खडकाळ उतारावर पाणी फेसाळून उसळते, अशा जागेला रॅपिड म्हणतात. रॅपिडची अवघडता १ ते ६ अशा श्रेणींनी मोजण्याची पद्धत सर्व जगात रूढ आहे. पहिल्या श्रेणीत लहान लाटा व मोकळी वाट असते; तिसऱ्या श्रेणीत लाटा अनियमित होतात व वाट शोधावी लागते; सहाव्या श्रेणीत निष्णातांचेही प्राण पणास लागतात. कुंडलिकेचे रॅपिड सामान्यतः दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत गणले जातात. परंतु श्रेणी हा कायमचा शिक्का नव्हे. पाणी वाढले की तीच जागा अधिक बिकट होते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर अडकलेल्या वस्तूवरील त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो.

मग नवशिक्यांची तुकडी नेताना नदीचा कोणता भाग निवडावा? उत्तर सोपे आहे. पाळणे मात्र कठीण. तुकडीतील सर्वांत कुशल व्यक्तीला काय झेपेल हे पाहू नये. सर्वांत नवख्याला काय झेपेल ते पाहावे. कुशल व्यक्तीला सोप्या पाण्यातही करण्यासारखे पुष्कळ असते. नवख्याला अवघड पाण्यात भयापलीकडे काहीच हाती लागत नाही. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. पोहता येते काय? उलटलेल्या होडीतून बाहेर पडण्याचा सराव झाला आहे काय? प्रकृती ठीक आहे ना? येथे संकोचाने दिलेले खोटे उत्तर पुढे सर्वांनाच महाग पडते.

दुसरा प्रश्न पाण्याच्या वेळेचा. कुंडलिकेत पाणी येते ते वीजनिर्मितीच्या वेळापत्रकाप्रमाणे, बहुधा सकाळी. ते वेळापत्रक बदलले की नदीही बदलते. यास्तव आज पाणी किती व केव्हा सुटणार, याची चौकशी तेथील जाणकारांकडे अगोदरच करावी. कोरडे दिसणारे पात्र थोड्याच वेळात भरू शकते, हेही ध्यानी ठेवावे. उतरण्याची व बाहेर पडण्याची जागा ठरवून खालच्या ठिकाणी वाहन आधीच उभे करावे. आपण कोण, किती जण व केव्हा परतणार, हे मागे राहणाऱ्या एका जबाबदार माणसास सांगून ठेवावे.

प्रवाहात उतरल्यावर क्रम मोडू नये. अग्रभागी नदी ओळखणारा, शेवटी कुशल व दोरी बाळगणारा, आणि मध्ये नवखे, अशी रचना असावी. तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊच नये. कारण एकास दुखापत झाली, तर एकाने त्याच्यापाशी थांबावे व दुसऱ्याने मदत आणावी लागते. पाण्याच्या गर्जनेत शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून खुणा आधीच ठरवितात. वल्हे उभे धरले म्हणजे ‘या’. डोक्यावर आडवे धरले म्हणजे ‘थांबा’. शिट्टीचे तीन दीर्घ आवाज म्हणजे ‘संकट’. प्रत्येकाच्या अंगावर घट्ट बांधलेले लाइफ जॅकेट व डोक्यावर हेल्मेट असलेच पाहिजे.

होडी उलटून कोणी वाहू लागला, तर त्याने उथळ पाणी पाहून उभे राहण्याचा मोह आवरावा. पाय खडकांच्या फटीत अडकला, तर प्रवाह माणसाला पुढे लोटून पाण्याखाली दाबतो. पाठीवर उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे व वर ठेवून, तिरकस काठाकडे सरकावे. पात्रात आडव्या पडलेल्या झाडापासून दूर राहावे. पाणी फांद्यांतून निघून जाते, माणूस मात्र अडकतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी दिसावयास निरुपद्रवी; पण त्याच्या पायथ्याशी ते उलटे फिरून वस्तूला पुनःपुन्हा भिंतीकडे ओढते. तेथे होडी नेऊच नये.

म्हणून ज्या वळणापलीकडचे दिसत नाही, तेथे अग्रणी काठाला लागतो व चालत पुढे जाऊन पाणी पाहतो. त्याने खात्री दिल्यावरही एखादा म्हणेल, “मी येथून होडी खांद्यावर घेऊन काठाने येतो.” अशा वेळी कोणी त्याची थट्टा करू नये. पोहणाराच बुडतो, असे आपले वाडवडील सांगत आले; कारण न पोहणारा पाण्याला भितो आणि पोहणारा कधी कधी भिण्याचे विसरतो. काठाने चालत गेलेला नावाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रवाहात उतरू शकतो. सोबत्यांच्या हसण्याला भिऊन उतरलेल्याची गोष्ट वेगळी. त्याने आपल्याबरोबर त्याला वाचवावयास धावणाऱ्यांचाही जीव धोक्यात घातलेला असतो.

नदी कोणाची परीक्षा घेण्यासाठी वाहत नाही. ती आपल्या नियमाने वाहते. ते नियम जाणून, सोबत्यांची शक्ती ओळखून जे उतरतात, त्यांना ती पुष्कळ शिकविते. जितके जण काठावरून निघाले, तितकेच सुखरूप काठाला लागले, म्हणजे यात्रा सफल झाली असे समजावे.