चौकट नाही, पान वाचा

कॉमिक्सवरचं देशभर गाजलेलं पहिलं पुस्तक लिहिलं गेलं, ते कॉमिक्स मुलांच्या हाती पडू नयेत म्हणून. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ प्रसिद्ध झालं. गुन्हेगारी आणि भयकथांची कॉमिक्स मुलांना बिघडवतात, हे त्याचं म्हणणं. वर्थम दुष्ट माणूस नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काळ्या वस्तीतल्या गरिबांसाठी त्याने अगदी नाममात्र पैशांत चालणारा दवाखाना काढला होता. वर्णावरून वेगळ्या काढलेल्या शाळा मुलांच्या मनाला काय इजा करतात, याबद्दल त्याने न्यायालयात साक्षही दिली होती. मुलांची त्याला खरीच काळजी होती. पण कॉमिक्सकडे त्याने पाहिलं ते पोलीस मुद्देमालाकडे पाहतात तसं. एक चौकट कापून घ्यायची, पानापासून तोडायची आणि पुरावा म्हणून पुढे करायची. २०१२ साली कॅरल टिली या अभ्यासक बाईंनी त्याच्या कागदपत्रांतून दाखवून दिलं, की मुलांच्या जबान्यांतही त्याने सोयीने काटछाट आणि फेरफार केले होते.

पुस्तक निघालं त्याच वर्षी, १९५४ च्या एप्रिलमध्ये, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. ईसी कॉमिक्सचे प्रकाशक बिल गेन्स साक्षीला आले. सिनेटर केफॉव्हर यांनी त्यांच्यासमोर एका अंकाचं मुखपृष्ठ धरलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का, असा प्रश्न आला. भयकथेच्या मुखपृष्ठापुरतं आहे, असं गेन्सनी सांगितलं आणि मुंडकं आणखी वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवलं असतं तर ते वाईट ठरलं असतं, अशी पुस्तीही जोडली. वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं आणि गेन्स तिथेच हरले. पण आज ती साक्ष वाचताना जाणवतं, की त्या दालनात चित्राच्या रचनेबद्दल, कुठे थांबायचं याबद्दल बोलणारा तो एकटाच माणूस होता. त्याचं बोलणं समजून घेईल अशी भाषाच तेव्हा कुणाकडे नव्हती. वर्ष संपायच्या आत व्यवसायाने स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्दसुद्धा नकोत, इथवर तिची मजल गेली.

तशी आस्थेने लिहिणारी माणसं आधीही होती. जिनिव्हाच्या रोडोल्फ ट्योप्फर या शाळामास्तराने १८३० च्या दशकात चित्रकथा छापल्या आणि १८४५ मध्ये, माणसाच्या चेहऱ्याच्या चार रेषा बदलल्या की स्वभाव कसा बदलतो, यावर निबंधही लिहिला. म्हणजे या कलेचा पहिला समीक्षक तिचाच एक जन्मदाता होता. १९२४ साली गिल्बर्ट सेल्डिस यांनी जॉर्ज हेरिमनच्या ‘क्रेझी कॅट’ला त्या काळच्या अमेरिकी कलेत सर्वांत वरचं स्थान दिलं. हे धाडसाचं होतं, पण ते कौतुकच होतं. कौतुकाने दार उघडतं, समीक्षा त्याच्या पुढची.

माझ्या मते ही समीक्षा वयात आली ती आठ पानांच्या एका गोष्टीवर. आचारसंहितेने धंदा बसल्यावर गेन्सनी जी नवी मासिकं काढली, त्यांतल्या ‘इम्पॅक्ट’च्या १९५५ सालच्या पहिल्या अंकात ‘मास्टर रेस’ ही कथा आली. चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टाईन. त्यांना सहा पानं दिली होती, त्यांनी भांडून आठ करून घेतली. कथा अशी: न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस बसतो, समोरच्या प्रवाशाला ओळखतो आणि त्याला नाझी छळछावणीतले दिवस आठवू लागतात. आपल्याला वाटतं, हा तिथला बळी. हळूहळू कळतं, हा त्या छावणीचा प्रमुख होता. शेवटी तो पळत सुटतो, फलाटावरून घसरतो आणि गाडीखाली जातो.

ते घसरणं क्रिगस्टाईननी अरुंद, उभ्या चौकटींच्या रांगेत कापून काढलं आहे. मजकूर जवळजवळ नाही. प्रत्येक चौकटीत माणूस तोच, तोल थोडा अधिक गेलेला. मग गाडी येते आणि एकाच चौकटीत खिडकीतले चेहरे पुन्हा पुन्हा, थरथरत उमटतात. डोळ्यांसमोरून वेगाने जाणारी गाडी जशी दिसते तशीच. मरणारा माणूस दिसतच नाही. वीस वर्षांनी, १९७५ मध्ये, जॉन बेन्सन, डेव्हिड कासाकोव्ह आणि आर्ट स्पिगेलमन यांनी या आठ पानांवर चौकटीमागून चौकट घेत लेख लिहिला. छापला कुणी, तर ‘स्क्वा ट्राँट’ नावाच्या, ईसीच्या चाहत्यांनी हौसेने काढलेल्या नियतकालिकाने. विद्यापीठाने नाही, मोठ्या साप्ताहिकानेही नाही. वर्थमने जे केलं त्याच्या नेमकं उलट या तिघांनी केलं. चौकट पानात परत ठेवली. एक चौकट अरुंद का, दुसरी रुंद का, मजकूर कुठे थांबतो आणि का, हे विचारलं. त्यांतल्या स्पिगेलमन यांनी पुढे ‘माऊस’ काढलं आणि १९९२ साली त्याला विशेष पुलित्झर मिळालं. पान कसं वाचायचं याचा रियाज आधी झाला होता, पान रचणं त्यातून आलं, असं मला ठामपणे वाटतं.

युरोपात हे थोडं आधी सुरू झालं होतं. उंबेर्तो एको यांच्या १९६४ च्या निबंधसंग्रहात ‘स्टीव्ह कॅनियन’ या चित्रमालिकेच्या पहिल्याच पानाचं बारीक वाचन आहे आणि सुपरमॅनवरचा प्रसिद्ध निबंधही आहे. सुपरमॅनचं आयुष्य पुढे सरकलं तर तो मरणाकडे सरकेल, म्हणून त्याच्या गोष्टीत काळ कसा गोठवून ठेवावा लागतो, हे एकोंनी दाखवलं. फ्रान्समध्ये १९६२ साली रसिकांचा क्लब निघाला, दिग्दर्शक आलँ रेने त्यात होते. तिथे या कलेला नववी कला म्हणायची पद्धतही त्याच दशकात रुळली. अमेरिकेत १९७६ पासून गॅरी ग्रोथ यांच्या ‘द कॉमिक्स जर्नल’ने खरमरीत परीक्षणं आणि पानंच्या पानं चालणाऱ्या मुलाखती छापल्या. जॅक कर्बीसारख्या चित्रकाराची मूळ पानं कंपनीकडून परत मिळावीत, यासाठीही ते भांडलं. विल आयस्नर यांचं १९८५ चं आणि स्कॉट मॅक्लाउड यांचं १९९३ चं पुस्तक आल्यावर तर सामान्य वाचकालाही, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत आपण स्वतः गोष्ट पुरी करतो, हे सांगता येऊ लागलं. मॅक्लाउड यांनी आपलं सगळं विवेचन कॉमिक्सच्याच रूपात मांडलं. जपानचे फुसानोसुके नात्सुमे, कादंबरीकार सोसेकींचे नातू, तर चित्रकार तेझुकांच्या चौकटी स्वतःच्या हाताने पुन्हा रेखून पाहत. रेषेचा जोर हाताला कळल्याशिवाय लिहायचं नाही, अशी ही पद्धत. मला ती फार मोलाची वाटते.

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. पान कितीही सुंदर असलं तरी ते सांगतं काय? १९७१ साली चिलीमध्ये आरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातलार यांनी डोनाल्ड डकवर पुस्तक लिहिलं. डिस्नेच्या त्या गोष्टींत आईबाप नाहीत, काका-पुतणे आहेत. श्रम दिसत नाहीत, खजिने सापडतात. दूरदेशीचे लोक बालिश, भोळे आणि आपलं सोनं स्वस्तात देऊन टाकायला तयार. १९७३ च्या लष्करी उठावानंतर या पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या. १९७५ मध्ये इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत आणताना ती जकात खात्याने अडवून ठेवली. बदकाच्या गोष्टीवरचं पुस्तक सत्तेला झोंबलं, यातच त्या समीक्षेचं बळ दिसतं. तरी माझी एक तक्रार आहे. डॉर्फमन-मातलार संवाद वाचतात, रेषा वाचत नाहीत. कार्ल बार्क्स या चित्रकाराचं बदक हताश होतं तेव्हा त्याचे खांदे कसे पडतात, हे त्यांना दिसत नाही. ‘मास्टर रेस’चं वाचन आणि डोनाल्डचं वाचन, ही दोन्ही एकाच माणसाला करता यायला हवीत.

आपल्याकडे अशा वाचनाची गरज मोठी आहे, कारण सामग्री मोठी आहे. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि वेताळ मराठीत घरोघरी पोचला. आफ्रिकेच्या जंगलात काळ्या टोळ्यांवर पिढ्यानपिढ्या वचक ठेवणारा गोरा माणूस, स्वातंत्र्य मिळून दोन दशकंही न झालेल्या देशातल्या मुलांचा लाडका व्हावा, हे नवल आहे. मुंबईत त्यात बदलही झाले. मूळच्या ‘बंगाला’चं ‘डेंकाली’ झालं आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले, म्हणजे भारतीय वाचकाला टोचेल ते काढून टाकलं. गोऱ्या राखणदाराची कल्पना मात्र तशीच राहिली, ती कुणाला टोचली नाही. का नाही टोचली, हा डॉर्फमनला शोभेल असा प्रश्न आहे.

१९६७ पासूनच्या अमर चित्र कथेवर तुलनेने चांगलं काम झालं, पण इंग्रजीत. नंदिनी चंद्रा यांचं पुस्तक २००८ चं, कार्लीन मॅक्लेन यांचं २००९ चं. असुरांचा रंग गडद का, बायका कशा उभ्या राहतात, इतिहासातून कोण गळलं, हे त्यांनी विचारलं. मॅक्लेन यांनी तर शिवाजी महाराजांवरच्या अंकाला स्वतंत्र प्रकरण दिलं. पण हे अंक काढणारे हात कुणाचे होते? ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. ‘टिंकल’मधला सुपांडी सुरुवातीला रेखला तोही त्यांनीच. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी ‘शिवाजी’ काढला आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या नागराजचा पहिला अंकही. एकाच माणसाच्या कुंचल्यातून गडकोटांवरचा राजा आणि हिरव्या अंगाचा नाग-नायक उतरावेत, दोघांच्या देहबोलीत काय सारखं आणि काय वेगळं, हा मराठीत लिहायचा विषय आहे. या चित्रकारांवर आपण लिहितो ते श्रद्धांजलीत. एरवी कथेवर बोलतो, प्रकाशकावर बोलतो, लहानपणच्या आठवणींवर तर फारच बोलतो.

बाबासाहेबांची दोन चित्रचरित्रं शेजारी ठेवून पाहावीत. अमर चित्र कथेचा ‘बाबासाहेब आंबेडकर’ १९७९ चा, चित्रं दिलीप कदमांची. सरळ चौकटी, वास्तवाशी इमानी रेखाटन, काळानुक्रमे पुढे जाणारं आयुष्य. मुलाला बोट धरून नेणारी ही रचना आहे आणि कदमांची माणसांच्या घोळक्यावरची पकड पक्की आहे. दुसरं २०११ चं ‘भीमायन’. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं लेखन, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रं. माणसांना डब्यात कोंडलं की ती गुदमरतात, मोकळ्या जागेत श्वास घेतात, अशी व्यामांची भूमिका होती. म्हणून इथे चौकटीच नाहीत. भिंती-अंगणात काढतात त्या दिग्ना नक्षीच्या पट्ट्या पानभर वळतात आणि प्रसंग वेगळे करतात. मसूर स्टेशनावर उतरलेल्या लहान भीमाला गाडीवानांनी नाकारलं, त्या गोष्टीतली आगगाडी इथे साप होऊन सळसळते. संवादाचे फुगे तीन तऱ्हांचे. सौम्य बोलणं पक्ष्याच्या आकारात. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातला विचार असेल तर फुग्यात डोळा. म्हणजे वाचता न येणाऱ्या मुलालाही कळतं, की हे वाक्य डसणारं आहे.

‘भीमायन’ श्रेष्ठ, असं म्हणून हा विषय संपत नाही. चौकट नाकारणं हा त्या जीवनकथेला शोभणारा निर्णय आहे, कारण ती कथाच आखून दिलेल्या जागा मोडण्याची आहे. पण कदमांच्या साध्या, स्वस्त अंकाने जे चरित्र किराणा दुकानापर्यंत आणि रेल्वेच्या पुस्तक-टपरीपर्यंत नेलं, ती पोच देखण्या पुस्तकाला मिळणं अवघड. छपाई, किंमत, वाचणारं पोर, हे सगळं पानाच्या रचनेत मिसळलेलं असतं. समीक्षेने तेही धरायला हवं.

मराठीत याचा पाया आहे. वसंत सरवटे यांच्याइतकं नेमकं चित्राबद्दल लिहिणारा माणूस कुठल्याही भाषेला अभिमान वाटावा असा होता. परदेशी व्यंगचित्रकारांवरचं त्यांचं ‘परकी चलन’ पुन्हा काढून वाचा. विनोद नक्की कुठे घडतो, रेषेत की ओळीत, हे ते चित्रावर बोट ठेवून सांगतात. शि. द. फडणीसांच्या ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांनी तर एकाही शब्दावाचून हसवायला शिकवलं. बसच्या थांब्यावर उभ्या तरुणाच्या सदऱ्यावर मांजरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणीच्या साडीवर उंदरांची, यात मजकुराला जागाच कुठे आहे? पण सरवट्यांची ही नजर एकट्या चित्रापाशी थांबली, चित्रमालिकेपर्यंत पुढे कुणी नेली नाही. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ महाराष्ट्राने रोज सकाळी वाचला. त्याच्यावर प्रेम पुष्कळ झालं. तीन-चार चौकटींत मराठी संवादाचा ठेका कसा बसवला, शेवटच्या चौकटीआधी विराम कसा घेतला, यावर कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

सुरुवात करायची तर ग्रोथ यांच्या ‘द कॉमिक्स जर्नल’कडून उचलण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे त्यातल्या मुलाखती. चित्रकाराला कथा पानांत वाटून मिळायची की तो वाटायचा, महिन्याला किती पानं द्यावी लागत, टाक कुठला, कुंचला कुठला, रंग कोण भरायचं, फुग्यातली अक्षरं कोण काढायचं, अंक पुन्हा छापताना चित्रं कुणी बदलली, मूळ पानं आता कुणाच्या माळ्यावर आहेत. हे विचारायला टेपरेकॉर्डर आणि दोन दुपारी पुरतात. पुण्या-मुंबईत, ठाण्या-डोंबिवलीत त्या काळी हे काम केलेली माणसं अजून आहेत. रंगारी आहेत, अक्षरं काढणारे आहेत, ज्यांचं नाव अंकावर कधीच छापलं नाही तेही आहेत. निबंध नंतरही लिहिता येतील. त्यांच्याकडे या दिवाळीच्या सुट्टीतच जायला हवं.