साठवणुकीची दहा वर्षं: कन्सोल, हार्ड डिस्क आणि खिशातली एसएसडी

प्लेस्टेशन 2 च्या काळात गेम डिस्कवर असे आणि खेळातली प्रगती 8 एमबीच्या मेमरी कार्डात आरामात मावत असे. 2013 साली प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन आले आणि हे चित्र पालटलं. डिस्क विकत घेतली तरी गेम आतल्या हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करणं सक्तीचं झालं. तिथे जागा होती 500 जीबी. 2018 चा ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ एकटाच त्यातली सुमारे 100 जीबी व्यापायचा. नवा गेम घ्यायचा तर जुना काढून टाकायचा, अशी वेळ खेळणाऱ्यांवर आली.

सुटका बाहेरच्या ड्राइव्हने केली. एक्सबॉक्स वनने 2014 मध्ये आणि प्लेस्टेशन 4 ने मार्च 2017 मध्ये यूएसबी 3.0 ड्राइव्हवरून गेम चालवायची मुभा दिली. ड्राइव्ह कुठल्याही कंपनीचा चालत होता. याच सुमारास, 2015 मध्ये, सॅमसंगची टी1 ही पोर्टेबल एसएसडी बाजारात आली होती. वजन जेमतेम 30 ग्रॅम, क्षमता 1 टीबीपर्यंत आणि वेग सेकंदाला 450 एमबी. हार्ड डिस्कला विखुरलेल्या हजारो छोट्या फाइली वाचताना दरवेळी आतला हेड हलवावा लागतो. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीवर एसएसडी चालते आणि तिच्यात हलणारा भागच नाही. त्यामुळे जुन्या कन्सोलवरही लोडिंगचा वेळ लक्षात येण्याइतका घटला. पोर्टेबल एसएसडीचा हा खरा सुवर्णकाळ.

2020 मध्ये वेग कन्सोलच्या आत गेला. प्लेस्टेशन 5 ची अंगची एसएसडी सेकंदाला 5.5 जीबी वाचते. 10 गिगाबिटची यूएसबी जोडणी तिच्या पाव वेगापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून आज प्लेस्टेशन 5 किंवा एक्सबॉक्स सीरिजचे खास गेम बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवता येतात, पण खेळण्याआधी ते आत कॉपी करावे लागतात. मागच्या पिढीचे गेम मात्र थेट ड्राइव्हवरून चालतात.

आतली जागा वाढवण्यासाठी दोन कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. सोनीने सप्टेंबर 2021 मध्ये संगणकात वापरतात तोच एम.2 स्लॉट सर्वांसाठी खुला केला. तिथे पुरेशा वेगाची, मापात बसणारी कोणतीही एसएसडी चालते. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या घाटाचं कार्ड आणलं. सुरुवातीला ते फक्त सीगेट बनवत असे आणि 1 टीबीला 220 डॉलर मोजावे लागत. 2023 मध्ये वेस्टर्न डिजिटलचं तेवढ्याच क्षमतेचं कार्ड 150 डॉलरला आलं. एका स्पर्धकाने एवढा फरक पडला.

या सगळ्या वर्षांचा धडा माझ्या मते एकच आहे: ग्राहकाचं भलं खुल्या जोडणीने केलं. म्हणून कन्सोल निवडताना त्याच्या ग्राफिक्सइतकीच चौकशी साठवणुकीची करा. जुने गेम खेळायला आणि नवे सांभाळून ठेवायला यूएसबी एसएसडी उत्तम. नवे गेम खेळायला जागा हवी असेल तर ती आतच वाढवा. आणि कन्सोलला ड्राइव्ह जोडण्याआधी त्यातले फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा. गेमसाठी कन्सोल तो फॉरमॅट करतो आणि जुनं सगळं पुसलं जातं.