खेळाडूंच्या निवडीचे मूल्यमापन
अमेरिकन फुटबॉलमध्ये नवोदित खेळाडूंची निवड संघ पाळीपाळीने करतात. मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाची पाळी प्रथम. निवड किफायतशीर ठरली काय, हे खेळाडूच्या कीर्तीवरून ठरविणे युक्त नव्हे. त्या क्रमांकावर सामान्यतः मिळणारी गुणवत्ता व पडणारे वेतन यांच्याशीच तुलना करावयास हवी. मॅसी व थेलर यांनी २०१३ साली दाखविले की, क्रमांकागणिक वेतन हे गुणवत्तेहून अधिक वेगाने घटते. म्हणून पहिल्या निवडीपेक्षा दुसऱ्या फेरीतील निवडी अधिक लाभदायक ठरत. मात्र २०११ च्या करारानंतर आरंभीच्या निवडींचे वेतन बरेच उतरले आहे. २००० साली न्यू इंग्लंडला १९९ व्या क्रमांकावर टॉम ब्रॅडी लाभला. परंतु तत्पूर्वी त्याच संघाने सहा अन्य खेळाडू पसंत केले होते. सारांश, एका निवडीच्या यशात दैवाचा वाटा मोठा असतो. संघाची पारख अनेक वर्षांच्या निवडींवरूनच करावी.